नावं ठेवण्याचं काम

पायसांदूच्या प्रयोगशाळेत मी नावं ठेवते.
बुरशीला.
पगार त्याचाच मिळतो.

ऑक्टोबरात इथे गहू फुलावर येतो.
त्याच वेळी उरुग्वाय नदीकडची ओली हवा
तीन दिवस शेतात मुक्काम करून बसली
की हिरव्या रानात अर्धी अर्धी ओंबी
अवेळी पांढरी पडते.
दाणा हलका, सुरकुतलेला, किंचित गुलाबी.
त्या गुलाबीला भुलायचं नाही,
हे मी पहिल्याच वर्षी शिकले.

आनसेल्मो बुर्गेन्यो शिकवायचे:
कार्नेशनच्या पानाचा तुकडा आगरवर ठेव,
बुरशी लाव, आठवडाभर हात लावू नकोस.
मग काचेवर एक थेंब, आणि बघ.
विळ्याच्या पात्यासारखे बीजाणू,
आत पाच आडवे पडदे,
खालच्या टोकाला इवलीशी टाच.
"टाच दिसली ना, नेलिदा? मग तीच ती.
एकच जात आहे. उगाच फाटे फोडू नकोस."

बत्तीस वर्षं त्यांनी ते एकच नाव लिहिलं
चारशे अकरा पाकिटांवर,
जांभळ्या शाईत,
शेवटच्या अक्षराची शेपटी लांबवर ओढून.

ते गेले, कपाटाची किल्ली माझ्याकडे आली.
त्याच हिवाळ्यात एक यंत्रही आलं,
ज्याला टाच दिसत नाही.
ते फक्त अक्षरं वाचतं, चारच, उलटसुलट,
आणि फाटे फोडतं.

जुन्या पाकिटांतला चिमूट चिमूट कोंडा
मी दळला, धुतला, वाचायला दिला.
पडद्यावर एक झाड उगवलं, आडवं पडलेलं,
खोड डावीकडे, फांद्या उजवीकडे.
एक जात नव्हतीच ती.
भाऊबंद होते.
एकाच बांधाला, कधी तर एकाच ओंबीत,
सख्खे, चुलत,
आणि एक कुठल्या खंडातून कधी आला
कुणालाच ठाऊक नसलेला.
दिसायला सगळे एका साच्यातले.
टाचसुद्धा तीच.

एवारिस्तो बेन्तान्कोर आला तेव्हा
मी ते झाडच बघत होते.
काखेत थर्मास, हातात यर्बा मातेचा पेला.
त्याचा ट्रक बंदरावरून परत आला होता.
चिठ्ठीवर एवढंच: विष जास्त.

"नाव कळलं म्हणून माझा गहू विकला जाईल का?"
रागाने नाही विचारलं त्यानं,
पेला माझ्याकडे सरकवत विचारलं.

नाही, मी म्हटलं.
पण ही फांदी एक विष बनवते,
ती खालची दुसरं.
बंदरावरची चाचणी पहिलंच ओळखते.
तुझ्या शेजाऱ्याचा ट्रक गेला ना पुढे?
त्याच्या ओंब्या आणल्या होत्यास, त्या खालच्या फांदीवर निघाल्या.

तो बराच वेळ खालच्या फांदीकडे बघत राहिला.
"म्हणजे त्याचा गहू चांगला नव्हता."
नव्हता.
"मग त्याचं पीठ कोण खातंय?"

आमच्याकडे पेला परत देताना आभार मानले
की आता पुरे, असा अर्थ होतो.
मी आभार मानले नाहीत.
त्यानं पुन्हा पाणी ओतलं.

संग्रहाचा नियम आहे,
जुनी चिठ्ठी फाडायची नाही, खोडायची नाही,
नवी तिच्या शेजारी डकवायची.
म्हणून आता प्रत्येक पाकिटावर दोन हस्ताक्षरं आहेत,
त्यांचं तिरकं, माझं बुटकं,
आणि दोघांचं पटत नाही.

काल दोनशे सातव्या पाकिटापाशी थांबले.
यंत्रानं त्याला कुठल्याच फांदीवर बसवलं नाही,
खोडाजवळ एकटंच लटकत ठेवलं.
भिंग लावून पाहिलं तर
जांभळ्या नावापुढे एक प्रश्नचिन्ह,
शिसपेन्सिलीनं काढलेलं,
मग रबरानं पुसलेलं,
पण कागदात उमटून राहिलेलं.

मला कधी बोलले नाहीत.

ते पाकीट टेबलावरच आहे.
त्याला मी अजून नाव ठेवलेलं नाही.